अंबड चौफुलीजवळचं बिनपाटीचं गॅरेज: पाचपैकी चार तारे

आधीच सांगतो, या गॅरेजला पाटी नाही. जालन्यात अंबड चौफुलीवरून अंबडच्या रस्त्याला लागलं की थोडं पुढं डाव्या हाताला एक जुना कडुलिंब आहे. त्याच्या बुंध्याशी ट्रकचे तीन टायर रचलेत आणि वरच्या टायरवर पांढऱ्या रंगात लिहिलंय, 'पंचर नहीं'. हीच पाटी. पंक्चरवाले सारखे येऊन डोकं खातात म्हणून ती लिहिली, हे नंतर कळलं. मालक साठीचे आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. मी वयानं दोन-तीन वर्षांनी मोठाच असेन, पण मीही चाचाच म्हणतो.

माझं काम काय होतं ते जरा सविस्तर सांगतो, कारण हे दुखणं ओळखता आलं नाही की माणूस उगाच पंपवाल्याशी भांडतो. मीही भांडलो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवून २०१९ ला निवृत्त झालो. अंबड तालुक्यात चार एकर मोसंबी आहे. धाकट्या मुलानं नोकरीचा नाद सोडून एक जुनी डिझेल पिकअप घेतली. कंपनीचं नाव घेत नाही, कारण खोट शेवटी कंपनीची निघालीच नाही. हंगामात मोसंबी पाचोडला नाहीतर जालन्याच्या मार्केटला, आणि बाकी वर्षभर सरकी पेंड, सिमेंट, लग्नाच्या मांडवाचं सामान, जे मिळेल ते भाडं. टाकी पंचेचाळीस लिटरची.

गेल्या वर्षी पोळ्यानंतर या टाकीनं असहकार पुकारला. नोझल घातलं की चार-पाच लिटर नीट जायचं आणि कट्. पुन्हा दाबलं की अर्धा लिटर, कट्. पुन्हा पाव लिटर, कट्. पंपावरचा पोरगा म्हणतो, "सर, टाकी फुल झाली." मी म्हणतो, "अरे, काटा पावावर आहे आणि फुल कशी?" तो म्हणतो, "मग मशीन कामून बंद होईल?" मागं ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवायलेला.

मला वाटलं, हा मापात मारतोय. प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप ठेवावंच लागतं आणि गिऱ्हाइकानं मागितलं तर मोजून दाखवावं लागतं, हे मला माहीत होतं. शिक्षकाला अशी माहिती असते आणि ती वापरायची संधी तो शोधतच असतो. मी माप मागितलं. मॅनेजर आला, माप आणलं, आधी डिझेलनं ओलं केलं, रिकामं केलं आणि मग पाच लिटर सोडलं. डिझेल बरोब्बर रेघेवर येऊन थांबलं. मॅनेजरनं वर चहाही पाजला. तो चहा मला गेला नाही.

त्यानंतर दुसरा पंप, तिसरा पंप. एका ठिकाणी धाकट्यानं ट्रकच्या बाजूची मोठी नळी लावली, म्हणजे जोरानं जाईल. जोरानं बाहेर आलं. फेसासकट डिझेल तोंडातून उसळलं आणि पोराचा नवा शर्ट गेला. मग त्यानं स्वतःचा उपाय काढला. नोझल उलटं धरायचं, म्हणजे मूठ आभाळाकडं, आणि चाप अर्धाच दाबायचा. अशानं हळूहळू जायचं, पण पाचशेचं टाकायला दहा मिनिटं लागायची. अशा टाकीनं लांबचं भाडं घेता येत नाही. समृद्धीवर जालन्याहून चढायचं तर टाकी भरून चढलेलं बरं. वाशीच्या मार्केटचा एक मोसंबीचा फेरा यापायी दुसऱ्याला गेला, आणि त्या दिवशी घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही.

मग एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला नेली. तिथं एसी आहे, सोफा आहे, कॉफीचं मशीन आहे. दोन तासांनी एका मुलानं टॅब दाखवला: टाकी पूर्ण बदलावी लागेल, सोबत फ्लोट (काट्याला डिझेलची पातळी सांगणारा टाकीतला तरंगता भाग), सोबत मजुरी, सोळा हजार पाचशे. गाडीखाली कोण गेलं होतं, असं विचारल्यावर तो म्हणाला, "सर, हे कॉमन आहे." दुसऱ्या एकानं टाकीत कचरा आहे म्हणून टाकी धुतली, डिझेल फिल्टर बदलला आणि चौदाशे घेतले. फिल्टर असतो टाकीतून इंजिनाकडं जाणाऱ्या वाटेवर. घास घशाखाली उतरेना आणि वैद्यबुवा पोट दाबून बघतायत. पण हे शहाणपण मला आत्ता सुचतंय. त्या वेळी मी गपगुमान पैसे दिले.

चाचांचं नाव पाचोडच्या एका अडत्यानं सांगितलं. सकाळी साडेनऊला गेलो. चाचा एका छोटा हत्तीखाली झोपलेले, फक्त चपला बाहेर. चपलांना नमस्कार करून मी सगळी कथा सांगितली. ते बाहेर आले, हात पुसले, पण आमच्या गाडीला हात लावला नाही. आधी प्रश्न विचारले. आमच्या जालन्याची ती हिंदी तुम्हाला माहीत असेलच.

"गुर्जी, डब्बे से डाल के देखे क्या?"

नाही.

"ढक्कन खोलते वक्त फुस्स करके आवाज आती?"

धाकटा म्हणाला, लक्ष नाही दिलं.

"ढक्कन कंपनी का हय के बाजार का?"

कंपनीचं. चाचांनी तरीही ते काढून उजेडात धरलं, उलटंसुलटं करून बघितलं.

"और हौदे का काम कब करे?"

या चौथ्या प्रश्नावर धाकटा माझ्याकडं बघायला लागला. पावसाळ्यात गाडी दीड महिना उभी होती, तेव्हाच हौद्याचा पत्रा सडला म्हणून एका वेल्डिंगवाल्याकडून खालचे आडवे चॅनल बदलून घेतले होते आणि फाळकाही नवा केला होता. चाचांना ते कुणी सांगितलं नव्हतं. फाळक्याचा रंग ताजा आणि गाडीचा रंग जुना, एवढ्यावरून त्यांनी विचारलं. सोळा हजारांचा अंदाज देणाऱ्यांना हा रंग दिसला नव्हता.

आता पुढचा भाग. या गॅरेजला चार तारे मी मुख्यतः याच्यासाठी देतोय.

त्यांनी पाच लिटरचा डिझेलचा कॅन आणि एक मोठं नरसाळं आणलं. नरसाळं टाकीच्या तोंडात घातलं. मग नरसाळ्यात डिझेल ओतलं. थोडं गेलं आणि थांबलं. नरसाळ्यात डिझेल तसंच उभं. मग एक ढेकर. मग पुन्हा उभं. चाचा म्हणाले, "मशीन तो नहीं हय ना इधर? फिर कौन रोका?"

मी गार झालो. बाटली, नरसाळं आणि कणीक! एकतीस वर्षं मी हा प्रयोग वर्गात करून दाखवलाय. बाटलीच्या तोंडात नरसाळं ठेवायचं, भोवती कणकेचा गोळा दाबून फट बुजवायची आणि पाणी ओतायचं. पाणी आत जात नाही, कारण आतल्या हवेला बाहेर जायला वाट नाही. मग कणकेत काडीनं भोक पाडलं की पाणी सरकन खाली. पोरं टाळ्या वाजवायची. कणीक आमच्या घरून जायची आणि सौभाग्यवती दर वर्षी विचारायच्या, "अजून कळलं नाही का पोरांना?" पोरांना कळलं होतं. गुरुजींना पंपावर उभं राहून तीन महिने कळलं नाही. तेलाच्या पंधरा किलोच्या डब्याला घरातली बाईमाणसं दोन भोकं पाडतात, एक तेलाला आणि एक हवेला. त्यांना काही कुणी हवेचा दाब शिकवलेला नसतो.

टाकीचंही तसंच. तोंडापासून टाकीत जाणारा एक जाड रबरी पाइप असतो, तो डिझेलचा. त्याच्या बाजूनं करंगळीएवढा दुसरा पाइप टाकीच्या माथ्यावरून निघून वर तोंडाजवळ येतो, तो हवेचा. डिझेल आत शिरतं तशी तेवढीच हवा या बारक्या पाइपानं बाहेर पडते. हा बंद झाला की हवा जाड पाइपातूनच उलटी यायला बघते, डिझेलशी तिची धक्काबुक्की होते, फेस होतो आणि तो फेस नोझलपर्यंत चढतो.

नोझल का बंद होतं, हे मी नंतर त्याच पंपावर जाऊन नीट बघितलं. मॅनेजरशी आता दोस्ती आहे. नोझलच्या टोकाशी एक बारीक छिद्र असतं आणि तिथून आतल्या आत एक नळी मुठीपर्यंत जाते. डिझेल वाहताना मुठीतल्या अरुंद जागेत हवा ओढली जाते, ती या छिद्रातून येत राहते. छिद्र डिझेलनं किंवा फेसानं झाकलं की हवा यायची थांबते, आत ओढ वाढते, एक पडदा खेचला जातो आणि चाप सुटतो. त्यात वीज नाही, सेन्सर नाही, निव्वळ हवेची ओढ. त्यामुळं टाकी भरली की नुसता फेस वर आला, यातला फरक नोझलला कळत नाही. नोझल उलटं धरून अर्धा चाप दाबला की जमायचं त्याचं कारणही हेच. धार बारीक झाली की हवेला त्याच पाइपातून सावकाश वर यायला सवड मिळते.

चाचा गाडीखाली गेले आणि दहा मिनिटांत धाकट्याला आत बोलावलं. हवेचा पाइप नव्या चॅनल आणि चासीच्या मध्ये सापडून पोळीसारखा चपटा झाला होता. वेल्डिंगवाल्यानं हौदा बसवताना तो बाजूला केलाच नव्हता. चाचांनी वरचं टोक सोडवलं आणि तोंडानं फुंकून बघितलं. गाल फुगले, हवा काही गेली नाही. शेजारी कॉम्प्रेसर चालू होता. मी म्हटलं, "त्यानं हवा मारा ना." ते हसले नाहीत. म्हणाले, बंद टाकीत कॉम्प्रेसरची हवा कधी घालायची नाही. टायरला चालते तेवढ्या दाबाला टाकी फुगते, शिवण उकलते, डिझेल तोंडावर येतं. "मुँह से जितना जाता, उतना बस." आणि टाकीच्या आसपास वेल्डिंग करायचं असेल तर टाकी आधी उतरवायची, हेही ऐकवलं. आमच्या वेल्डिंगवाल्यानं टाकी उतरवली होती का, हे विचारायची मला हिंमत झाली नाही.

जाड पाइपही त्यांनी बोटानं आतून चाचपला. जुन्या गाडीत रबराचा आतला थर सुटतो आणि पडद्यासारखा लोंबतो. बाहेरून पाइप ठणठणीत दिसतो आणि आतून वाट अडलेली. आमचा बरा होता. मग डिझेलला चालणारा नवा पाइप फूटभर कापला, चॅनलच्या वरून वळसा देऊन नेला, दोन क्लिप लावल्या. पुन्हा नरसाळ्यात ओतलं आणि डिझेल गटगट गेलं. मी टाळी वाजवली नाही, पण हात पुढं आले होते.

पैसे लगेच घेतले नाहीत. "पहले पंप पे चलो," म्हणाले, आणि स्वतः हौद्यात चढून बसले. पंपावर नोझल लावलं, पूर्ण चाप, आणि एका दमात एकतीस लिटर. मग पैसे: पाइप १८०, क्लिपा ४०, मजुरी २००. एकूण ४२०.

तिथंच संपलं असतं तर मी पाच तारे दिले असते. आठ-दहा दिवसांनी धाकटा म्हणाला, "अण्णा, आता गाडी लोडवर ओढ धरीना." दोन-अडीच तास सलग पळवली की इंजिन दमल्यासारखं करायचं. थांबून झाकण उघडलं की मोठ्ठा फुस्स, आणि मग पुन्हा ठीक. आधी हे जाणवलं नव्हतं, कारण पाचशे-पाचशेचं टाकताना झाकण रोजच उघडायचं. आता टाकी एकदा भरली की झाकण दोन-तीन दिवस उघडत नव्हतं.

पुन्हा चाचा. या वेळी झाकणाचा आवाज ऐकला आणि कपाळावर हात मारला. भरताना हवा बाहेर जायला जसा एक पाइप, तसा डिझेल खर्च होताना हवा आत यायला आणखी एक बारका पाइप असतो, ब्रीदर. त्याचं टोक गाडीखाली उघडं असतं. ते कापून काढलं तर आत वाळलेल्या मातीचा बूच. कुंभारीण माशीनं घर केलं होतं, आत वाळके कोळी. पावसाळ्यात गाडी दीड महिना उभी होती, त्याचा हा हिशेब. म्हणजे टाकीला बाहेर श्वास सोडता येईना आणि आतही घेता येईना, अशी दुहेरी गत झाली होती. चाचांनी टोक खाली वळवून बसवलं, त्याला बारीक जाळीचा तुकडा तारेनं बांधला आणि एक रुपया घेतला नाही. "पहले दिन देखना मंगता था, मेरी गलती," म्हणाले. गलती होतीच. फेरा आमचा गेला, दिवस गेला. म्हणून एक तारा कमी. पण स्वतःहून असं म्हणणारा मिस्त्री मला उभ्या आयुष्यात दुसरा भेटलेला नाही.

बाकीच्या तक्रारी. बसायला जागा नाही, एक उलटी बादली आहे आणि तिच्यावर बहुधा कुत्रं असतं. "दस मिनट" म्हणाले की तास धरा. बिल मागितलं तर काडेपेटीच्या पुठ्ठ्यावर लिहून देतात. हाताखालच्या पोरांवर फार ओरडतात, आमच्यासारख्यांना ऐकवत नाही. शुक्रवारी बारा ते तीन बंद. मोबाइल उचलत नाहीत, प्रत्यक्षच जा. आणि नव्या बीएस-६ गाडीत डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला असेल तर जाऊच नका, ते स्वतःच सांगतात, "कंप्युटर का काम मेरे कू नक्को." ते काम स्कॅनर असलेल्याकडंच न्यावं.

पेट्रोलवाल्यांसाठी एक गोष्ट. आम्ही बसलो असताना एकजण पेट्रोलची छोटी मालवाहू गाडी घेऊन आला, दुखणं तेच, नोझल कट. चाचांनी त्याला पहिलंच विचारलं, नोझल थांबल्यावर वर किती दाबतोस? तो म्हणाला, शंभराच्या आकड्यात बसेपर्यंत. पेट्रोलच्या गाडीत टाकीची वाफ हवेत जाऊ नये म्हणून कोळशाच्या दाण्यांचा एक डबा असतो, कॅनिस्टर. काठोकाठ भरलं की वाफेऐवजी पेट्रोलच त्या डब्यात शिरतं, कोळसा भिजतो आणि हवेची वाट बंद होते. तो डबा स्वस्त नसतो. त्या माणसाचा चेहरा बघून मला माझा पाच लिटरचा मापवाला प्रसंग आठवला. घरी येऊन मी धाकट्याला सांगितलं, पहिल्या कटला थांबायचं, आकडा कितीही वेडावाकडा असो. डिझेलला कॅनिस्टर नसतो, हे त्यानं मला ऐकवलं. पोरगं तयार झालंय.

चाचांकडं जायचं तर टाकी अर्ध्याच्या खाली ठेवून जा, त्यांना ओतून बघायला जागा लागते. गाडीवर अलीकडं कुणी काय काम केलं, तेही आठवून जा. सुटे पैसे न्या.

परवा आम्ही त्याच पहिल्या पंपावर गेलो, जिथं मी माप मागितलं होतं. काटा तळाला होता. त्याच पोरानं नोझल लावलं आणि सवयीनं चापावर बोट ठेवून कटची वाट बघत उभा राहिला. दहा, वीस, तीस. अडतीस लिटरला कट् झालं. त्यानं मीटरकडं बघितलं, मग वाकून गाडीखाली बघितलं आणि म्हणाला, "सर, खालून गळायलं तर नाय ना?"